फूल न पाहिलेलं झाड

१

दुपारची जेवणं झाली की मी लादी पुसते. साठी आली, गुडघे कुरकुरतात, तरी कामवाली ठेवलेली नाही, कारण कामवाल्या कोपरे सोडतात. फडकं दोनदा पिळायचं, आधी पलंगाखालून, मग खिडकीखालून, शेवटी उंबरठा. जुलैत उल्हास नदीचं पाणी आमच्या मांजर्लीत शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या माझ्या या घरात कमरेएवढं होतं. भिंतीवर त्याची रेघ अजून आहे. तो चिखल मी एकटीने उपसला. त्यानंतर दोन महिने लादी कशी ठणठणीत कोरडी होती.

पितृपक्षातल्या पंचमीला, दुपारी पावणेचारला, चहा ठेवायला उठले तर पाय ओला झाला. खिडकीखालच्या चार लाद्यांच्या सांध्यांतून पाणी पाझरलं होतं. मला वाटलं, तेजलने तांब्या लवंडला असेल. तेजल माझी एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, नुकताच आठवा लागलेला. ती तर आत झोपली होती. मी वाकले, पाण्याला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं.

तुम्ही म्हणाल, ही कसली घाण सवय. तीस वर्षं मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात बॉटनीच्या लॅबमध्ये अटेंडंट होते. खाडीतली झाडं ओळखायची तर पान चाटून बघावं लागतं. सर लोक पुस्तकात बघायचे, मी चाटून सांगायचे, आणि बहुतेक वेळा माझंच बरोबर निघायचं. जीभ खोटं बोलत नाही.

पाणी खारट होतं. समुद्र इथून केवढा लांब. भरतीचं पाणी कल्याणच्या पुढे चढत नाही, हे मला शेंबडं पोरही सांगेल. मग मी स्वतःला समजावलं की पुरातला क्षार लादीखाली राहिला असेल, तोच आता वर येतोय. फडकं घेतलं आणि पुन्हा पुसून काढलं.

२

आता जे सांगायचं ते सांगायला मला लाज वाटते, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तेजल श्रावणात आली ती आंबटाचे डोहाळे घेऊनच. चिंच दिली, नको. आवळा दिला, थुंकला. कोकमाचं आगळ दिलं, त्याला तर वास येतो म्हणाली. "आई, आंबट हवंय, पण हे आंबट नको." डोहाळे पुरवले नाहीत तर पोराची लाळ गळते म्हणतात. माझा त्यावर विश्वास नाही, पण लेक दोन दोन दिवस धड जेवत नसेल तर माणूस कशावरही विश्वास ठेवतं.

गणपतीच्या आधी कॉलेजची सहल कोपरच्या खाडीला जाणार होती. मी रिटायर झाले तरी मला बोलावतात, कारण नव्या मॅडमना झाडं फोटोतच ओळखता येतात. नेहमीप्रमाणे बुधाजीची होडी. बुधाजी खाडीवरचा म्हातारा मासेमार, वल्हं मारता मारता माझी पोपटपंची ऐकून गालात हसायचा. मी मुलांना दाखवत होते. हे तिवर. याची मुळं पेन्सिलीसारखी चिखलातून वर येतात, श्वास घ्यायला. पान मागून राखाडी, चाटा, खारट लागेल, कारण हे झाड अंगातलं मीठ पानातून बाहेर टाकतं. पाला गुरं खातात, लाकूड जळतं चांगलं. हा गेवा, फांदी मोडू नका, दूध डोळ्यांत गेलं तर आंधळे व्हाल. हे कांदळ, बघा कसं पाय पसरून उभं आहे. याच्या सालीच्या काढ्यात पूर्वी जाळी बुडवायचे, कुजू नयेत म्हणून. आणि याचं बी झाडावरच रुजतं. हातभर लांब होऊन टोक खाली करून लोंबतं, आणि सुटलं की खालच्या चिखलात सरळ उभंच राहतं. इतर झाडं बिया टाकतात, कांदळ पोरं टाकतं, असं मी म्हटलं की मुली हसतात.

आणि ही चिप्पी. मुळं जाड, शंकूसारखी, वजनाला हलकी, म्हणून जाळ्याला तरंगवायला बांधतात. फळ चपटं, गोल, त्याला चांदणीसारखी पसरलेली टोपी. आंबट असतं, चटणी करतात.

आंबट म्हटलं आणि माझ्या डोक्यात तेजल आली.

चिप्पीच्या रांगेपासून जरा लांब एक झाड एकटं उभं होतं. मुळं चिप्पीची, पान मात्र तिवरासारखं राखाडी. फळं लागलेली होती. टोपी होती, पण पसरलेली नव्हती, फळावर मिटलेली होती. पाच पाकळ्या, त्यातली एक जरा बाजूला. मी आयुष्यभर पोरांच्या कानीकपाळी ओरडले की फूल पाहिल्याशिवाय झाडाला नाव देऊ नका, आणि नाव कळल्याशिवाय तोंडात घालू नका. त्या झाडाला एकही फूल नव्हतं. बुधाजीने वल्हं थांबवलं.

"बाय, ते झाराला फूल कोनी बगलं नाय," तो म्हणाला.

"मिळेल पुढच्या महिन्यात," मी म्हटलं आणि चार फळं पदरात घेतली. मला वाटलं, चिप्पीचीच जात असेल, जराशी वेगळी.

तेजलने चारही खाल्ली. मी मीठ पुढे केलं तर म्हणाली, "नको, ह्यात आहे." बियांसकट खाल्ली, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. मी त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली.

३

षष्ठीला पाणी साडेचारला आलं. सप्तमीला सव्वापाचला. मी प्लंबर बोलावला. रघु आमच्याच गल्लीतला, कामाला चोख. त्याने नळ बंद केला, मीटर बघितला, वरच्या मजल्यावर जाऊन आला.

"मावशी, लाइन एकदम ओके है. लीकेज नाही कुठे."

"मग ही काय माझी आसवं आहेत?"

"जमिनीतून येतंय. पण आपली जमीन तर सुकलीय ना आता." त्याने खिडकीतून बाहेर बघितलं. कंपाउंडमध्ये धूळ उडत होती. त्याने पैसेही घेतले नाहीत आणि बॅग उचलून जरा घाईनेच गेला.

अष्टमीला माझ्या नवऱ्याचं श्राद्ध. पान वाढून, कावळा शिवून सगळं आटपलं, आणि संध्याकाळी सहाच्या आधी मी मुद्दाम खुर्ची टाकून खिडकीपाशी बसले. सहा वाजले. सांधे आधी काळे झाले, मग चकाकले. मग सगळ्या खोलीभर बारीक चुर्र असा आवाज. तो आवाज मला माहीत होता. ओहोटीनंतर चिखलात पाणी परत शिरताना खेकड्यांच्या बिळांतून येतो तो.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला नसता तर बरं झालं असतं. बुधाजीने मला भरतीचा हिशोब शिकवला होता. घड्याळ नको, तक्ता नको, तिथीची पाऊणपट करायची. शाळेत पाऊणकीचा पाढा पाठ केलेला, तोच. पाच पाऊण पावणेचार. सहा पाऊण साडेचार. सात पाऊण सव्वापाच. आठ पाऊण सहा.

माझ्या घरात भरती येत होती.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन सर्वपित्री अमावस्येवर बोट ठेवलं. पंधरा पाऊण सव्वाअकरा, आणि अमावस्येला उधाण. मागून तेजल आली आणि अनवाणी त्या ओल्या लादीवर उभी राहिली.

"किती गार वाटतं गं आई," ती म्हणाली. "बाळ पण शांत होतं बघ."

४

नवमीच्या सकाळी खिडकीखालच्या सांध्यातून काहीतरी वर आलं होतं. करंगळीएवढं. मी चष्मा लावून लादीवर पालथी पडले. तिवराचं मूळ बारीक आणि सरळ असतं, चिप्पीचं बुडाशी जाड. हे त्या दोन्हींसारखं नव्हतं. त्याला दोन ठिकाणी पेर होतं, बोटाला असतं तसं.

मी डोकं शांत ठेवायचा प्रयत्न केला. पिंपळ नाही का भिंतीत उगवत, म्हटलं. घरात मूळ आलं तर ते कापायचं, त्यात काय. विळीने एका झटक्यात कापलं.

आतल्या खोलीत तेजल किंचाळली.

धावत गेले. ती पोटाच्या उजव्या बाजूवर हात दाबून बसली होती, ओठ पांढरे. "काहीतरी चावलं आई. आतून." मी तिला कुशीत घेतलं, कपाळाचा मुका घेतला. ओठाला बारीक खरखर लागली. तिच्या कपाळावर, केसांच्या कडेला, मिठाचे पांढरे कण होते. घाम वाळला असेल, मी म्हटलं. पंखा फुल स्पीडवर चालू होता आणि तिचं अंग पाण्यातून काढल्यासारखं गार होतं. घाम कुठून येणार.

त्याच दिवशी चंद्री आली. चंद्री डोंगराकडच्या पाड्यावरची, बारवी धरणाच्या बाजूची, दर आठवड्याला माझ्याकडे रानभाजी टाकते, पाणी पिते, तेजलच्या पोटाकडे बघून मुलगी होणार म्हणून पैज लावते. त्या दिवशी टोपली डोक्यावरच ठेवली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली.

"ये की आत."

"नको बाय. तुझ्या घरात चिखुल हाय."

"कुठाय? आत्ता पुसलंय."

"खाली हाय. खोल हाय लय." तिने तेजलकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "पोरीला घेऊन जा इथनं. आजच जा." भाजीची जुडी उंबऱ्यावर ठेवून ती निघून गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

५

मी लगेच प्रज्वलला फोन केला. प्रज्वल माझा जावई, अंबरनाथला कारखान्यात शिफ्टला, बुवापाड्यात तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. साधा, सरळ मुलगा. मी त्याला फक्त ओल येते एवढंच सांगितलं. फळांचं सांगायची हिंमत झाली नाही.

"मम्मी, तुम्ही आधीच बोलायचं ना. मी आत्ता रिक्षा घेऊन येतो."

तेजल येत नव्हती. तिला दोघांनी धरून रिक्षात बसवलं. तिसऱ्या मजल्यावरची ती खोली बघून मला इतकं हायसं वाटलं की मी जिन्यातच बसून रडले. कोरडी लादी, खाली तीन माळे, त्याखाली कातळ. इथे कोण येतंय, म्हटलं.

दशमीच्या दुपारपासून बाळ हलायचं थांबलं.

अंबरनाथच्याच नर्सिंग होममध्ये नेलं तर त्यांनी पोटाला पट्टा लावला आणि मशीन सुरू केलं. ठोके ऐकू येत होते, पण एक ठोका झाला की पुढचा यायला इतका वेळ की माझाच श्वास अडकायचा. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, रात्रभर बघू, नाहीतर सिझर करू, पण आठव्यातलं, वजन कमी, मी काही वचन देत नाही. तेजल डोळे मिटून एकच बोलत होती. "आई, पाय ओले कर. पाय ओले कर माझे."

मी बादलीत पाणी घेतलं, कॅन्टीनमधून मीठ आणून घातलं, तिचे पाय बुडवले. काही फरक नाही. तेव्हा मला जे सुचलं ते कुठल्याही आईला सुचू नये. एकादशीच्या सकाळी मी मिळाली ती गाडी पकडून मांजर्लीला आले. आठ वाजून गेले होते. अकरा पाऊण सव्वाआठ. घोट्याएवढं पाणी होतं खोलीत. आणि खिडकीपासून पलंगापर्यंत सांध्यासांध्यातून ती पेरं वर आलेली, तीस-चाळीस तरी, सगळी तेजलच्या उशीकडे कललेली. त्यांच्यामधून पाय टाकत मी लादी पुसायचं फडकं बुडवलं आणि दोन लिटरच्या बाटलीत पिळलं.

ते पाणी तिच्या पावलांवर ओतलं, आणि मशीनवरचे ठोके टपटप, टपटप पळायला लागले. प्रज्वल माझ्यासमोर उभा होता. त्याने मशीनकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मम्मी, ह्यात काय आहे?"

मी सगळं सांगितलं. फळांचं, बुधाजीचं, पाऊणकीचं. मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने फक्त एवढंच विचारलं, "बाटली किती वेळ पुरेल?"

तीन दिवस आम्ही आळीपाळीने बाटल्या वाहिल्या. तेरसला एक बाटली तासभर पुरायची, चौदसला सकाळी पाव तास. डॉक्टरीणबाई सिझर म्हणाल्या, ऑपरेशनच्या खोलीत नुसतं नेलं तर ठोके बंदच पडले, बाहेर आणून पाय भिजवले तर परत सुरू झाले. त्यांनाही काही कळेना. संध्याकाळी आम्ही आमच्या जबाबदारीवर सही करून तिला घरी आणलं. उंबरा ओलांडताच तिने मोठा श्वास घेतला, आणि पोट ढुशी मारल्यासारखं हललं. ती हसली. मी तिची आई, मला तिच्याबरोबर हसता आलं नाही.

६

अमावस्येला सकाळी दहाला कळा सुरू झाल्या. प्रज्वल कुळगावातल्या डॉक्टरला आणायला पळाला. मी कोयता घासून ठेवला होता. लपवत नाही, मी ठरवलं होतं. लेक वाचवायची, बाहेर काहीही येवो, ते कापायचं. आणि कापल्यावर तेजल किंचाळते हेही मला माहीत होतं. तरी ठरवलं होतं, कारण दुसरं काही उरलं नव्हतं.

अकराला पाणी गुडघ्याला लागलं. दार उघडं होतं, पण पाणी उंबऱ्यावरून बाहेर जात नव्हतं. खिडकीबाहेर कडक ऊन, दोरीवर कुणाच्या चादरी वाळत होत्या, स्कूटरच्या सीटवर धूळ. मी हाका मारल्या. वरच्या बाईने गॅलरीतून वाकून बघितलं आणि विचारलं, "काय हो रंजनाताई, पाणी आलं का?" तिला नळाचं म्हणायचं होतं.

तेजल पलंगावर पडेना. खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून, पाय फाकवून पाण्यात उभी राहिली. "उभीच राहू दे मला आई. असंच व्हायचंय." मी तिच्यासमोर पाण्यात बसले. पाणी माझ्या छातीशी. पायांना सगळीकडून ती पेरं लागत होती, चाचपडत होती.

सव्वाअकरा वाजले. तेजल ओरडली नाही. तिने फक्त लांब उसासा सोडला, आणि काहीतरी सरळ खाली सुटलं. टोक खाली.

पडलं नाही. उभं राहिलं.

पाणी गढूळ होतं. मी कोयता उचलला, आणि मग सवयीने बघायला लागले. आधी खालून बघायचं, मग देठ, मग वरचं. खाली निमुळतं होत लादीच्या सांध्यात घुसलेलं. मध्ये राखाडी, ओलं, आणि ते वरखाली होत होतं. वर ती मिटलेली टोपी, पाच पाकळ्यांची, एक जरा बाजूला. पाण्याबाहेर आल्याबरोबर ती उघडायला लागली.

"आई," तेजलने वरून विचारलं. तिचा आवाज किती थकलेला, किती आनंदी. "काय आहे? मुलगा की मुलगी?"

तीस वर्षं मी एका पानावरून नावं सांगितली. मी परत खालून वर बघायला लागले.

"सांग ना. बरं आहे ना बाळ?"

"छान आहे," मी म्हटलं. ते गारठल्यासारखं थरथरत होतं, आणि माझा जीव, कोयता हातात असूनसुद्धा, त्याच्यासाठी तुटला. मी ते लपवणार नाही. मी दुसऱ्या हाताचं बोट पुढे केलं, नव्या बाळाच्या मुठीत देतात तसं. त्याने ते धरलं.

साडेबाराला ओहोटी लागली. पाणी सांध्यांतून खाली खाली गेलं, चुर्र आवाज झाला, लादी कडेकडेने वाळायला लागली. त्याने बोट सोडलं नाही. कोयता बाजूला पडला होता, माझा हात पोचेल एवढ्यावर. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला, प्रज्वल कुणाशी तरी घाईघाईने बोलत होता.

मी बोट हळूच ओढून बघितलं. तेजल कळवळली, पोट धरून खाली बसली.

मग मी ओढलं नाही.